धारूरकर सरांनी वर्ग वाढवला

१

पाचोडच्या एका मुलीनं सकाळी मोबाइलवर भूजलाचा वर्ग उघडला, तर आत काहीच नव्हतं. विहिरी नाहीत, खडकांचे थर नाहीत, फळ्यावर खडूनं पाण्याची रेघ ओढणारे धारूरकर सर नाहीत. नुसतं पांढरं पान. तिला वाटलं, नेट गेलं असेल. तिनं मैत्रिणीला विचारलं, मैत्रिणीनं आणखी दोघींना, आणि दुपारपर्यंत सातमाळा विद्यापीठभर बोंब झाली की सरांची वर्षभराची सगळी व्याख्यानं कुणीतरी पुसून टाकली. परीक्षा तोंडावर आलेली.

हे सातमाळा विद्यापीठ हर्सूलच्या पुढं आहे. गेल्या वर्षी तिथं मिश्र शिक्षणाचं वारं शिरलं. म्हणजे निम्मे तास वर्गात, निम्मे पोर्टलवर. कल्पना वाईट मुळीच नव्हती. लांबून येणाऱ्या पोरींची रोजची एसटीची दगदग वाचली, हे कुणीही कबूल करील. पण आणली कशी, तर आधी उद्घाटन, मग कॅमेरे, आणि सगळ्यात शेवटी शिक्षकांना विचारणं. तेव्हा बहुतेक प्राध्यापकांनी कॅमेऱ्यासमोर पुस्तकाची पानं वाचून सुटका करून घेतली. जीव ओतला तो एकट्या हेमचंद्र धारूरकरांनी. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण पोरं त्यांचे तास पुन्हा पुन्हा बघायची.

ते तास आता परत बोलून घ्यायचीही सोय राहिली नव्हती. आदल्या दिवशी ज्या दुपारी व्याख्यानं पुसली गेली, त्याच दुपारी सर घरी जाताना क्रांती चौकात रिक्षातच कोसळले. पक्षाघात झाला. जीव वाचला, वाचा गेली.

कुलसचिव नाईकवाड्यांनी महेजबीन मणियारला बोलावून घेतलं. ती कायदा शिकवायची, त्यामुळं विद्यापीठात कुठंही काही नासलं की चौकशी तिच्या गळ्यात पडायची.

"एकसदस्य समिती, मॅडम," नाईकवाडे म्हणाले. "लवकर उरका. गुन्हेगार सापडलेलाच आहे."

"सापडलाय तर समिती कशाला?"

"नियमात बसायला नको?"

गुन्हेगार म्हणजे सरफराज इनामदार, पोर्टल सांभाळणारा कंत्राटी मुलगा. त्याला घरी बसवून झालं होतं, आता अहवाल आला की पोलिसांत तक्रार. व्याख्यानं पुसली गेली ती त्याच्याच खोलीतल्या संगणकावरून, सरांच्या नावानं आत शिरून. सरांचा पासवर्ड त्याला ठाऊक होता.

"शिवाय तो धडधडीत खोटं बोलला," नाईकवाडे म्हणाले. "म्हणतो, जाताना सर मला भेटले आणि म्हणाले, मी वर्ग वाढवलाय. अहो, पोर्टल बघा. वर्गाची मुदत एका दिवसानंही वाढवलेली नाही. आणि शेवटची गोष्ट म्हणजे खुद्द धारूरकरांनीच त्याचं नाव घेतलंय."

"वाचा गेलेल्या माणसानं?"

नाईकवाड्यांनी तिच्यापुढं एक कागद सरकवला. "होकार दिलाय, मॅडम. साक्षीदारासमोर."

२

सरफराजला फाटकातून आत सोडायचं नाही असा हुकूम होता. म्हणून महेजबीनच बाहेर चहाच्या टपरीवर गेली. पंचविशीतला पोरगा, दाढी वाढलेली, समोरचा चहा गार होऊन गेलेला.

"सगळ्याच सरांचे पासवर्ड माझ्याकडं असतात, मॅडम," तो म्हणाला. "नाय दिले तर कामच होत नाय. कुणाला फोटो लावता येत नाय, कुणाला आवाज चढवता येत नाय. मग मलाच म्हणतात, तूच कर रे बाबा."

"त्या दुपारी काय झालं, ते सांग."

"धारूरकर सर खोलीत आले. म्हणाले, मला थोडं काम आहे, तुम्ही चहा घेऊन या. मी इथं येऊन बसलो. बऱ्याच वेळानं सर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, वर्ग वाढवलाय मी. आता तुम्हीही घरी जा, आराम करा. मी म्हटलं, मुदत वाढवली का सर, मग मला सेटिंग करावी लागंल. सर नुसते हसले अन् रिक्षात बसले."

"मग तू परत खोलीत गेलास?"

"नाय ना, मॅडम. घरी गेलो. गेलो असतो तर कळलं असतं. पुसलेलं एक रात्र पोर्टलवरच पडून राहतं, एक बटण दाबलं की परत येतं. सकाळी कायमचं जातं." तो कपाकडं बघत राहिला. "रोज कामाला येताना हर्सूलच्या जेलवरून येतो मी. आता अब्बा विचारतात, आत जाणार का बाहेर राहणार. घरात दुसरं कुणी बोलतच नाय माझ्याशी."

महेजबीनला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. खोटं बोलणारी माणसंही अशीच रडवेली बोलतात, हे तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

ती उठली तसा तो म्हणाला, "मॅडम, एक बघितलं का तुम्ही? नुसते व्हिडिओ गेलेत. पोरांचे गुण, त्यांनी विचारलेले प्रश्न, सरांनी दिलेली उत्तरं, सगळं जागच्या जागी हाय. आख्खा वर्ग उडवायला एकच बटण लागतं. हे ज्यानं केलं, त्यानं एकेक व्हिडिओ निवडून काढलाय."

३

ई-लर्निंगच्या संचालक डॉ. संस्कृती लोमटे मनापासून दुखावल्या होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. धारूरकरांचा वर्ग म्हणजे त्यांचा मिरवायचा दागिना. बाहेरचे पाहुणे आले की आधी तोच दाखवायचा.

"पुढच्या वर्षीचं सगळं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "सर निवृत्त झाले तरी वर्ग चालूच राहणार. व्याख्यानं आहेत ना. त्या जागी नवीन माणूस नेमायची गरज नाही, तासिकेवरचा माणूसही नको."

"सरांना हे माहीत होतं?"

"बैठकीत एकदा हरकत घेतली त्यांनी. कुणी फारसं ऐकलं नाही. मग गप्प बसले. समजूतदार आहेत."

"आणि हा होकार?"

"मी स्वतः दवाखान्यात गेले होते. विचारलं, सर, हे सरफराजनं केलं ना? ते स्पष्ट म्हणाले, बरं. तेवढंच बोलता येतं त्यांना, पण स्पष्ट बोलतात. मी लगेच लिहून घेतलं."

तासिकेवरचा माणूस म्हणजे वरद गोर्डे. धारूरकरांच्याच हाताखाली शिकलेला, पाचोडकडचा. वर्षानुवर्षं तासांवर राबतोय आणि कायम होण्याची वाट बघतोय. व्हिडिओ राहिले असते तर पोटावर पाय आला असता तो त्याच्याच. तो आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"माझ्यावर संशय घ्या, मॅडम, चालंल. पण त्या दुपारी मी चाचणीवर देखरेखीला होतो. वर्गभर पोरांनी मला बघितलंय."

"तसं मी विचारलंच नाही. सर त्या दिवशी तुम्हाला भेटले होते का?"

वरद खिडकीबाहेर बघायला लागला. "भेटले व्हते. म्हणाले, पुढच्या वर्षाची तयारी आत्तापासून करा. विहिरींचा भाग तुम्हीच शिकवायचा."

"पुढच्या वर्षी तर तुम्हाला तासच नव्हते."

"व्हय," वरद म्हणाला आणि झटक्यात उठला. "मला जरा काम हाय, मॅडम." तो गेला तो दार लावायचंही विसरून गेला.

४

धारूरकरांच्या घरी मीनाक्षीकाकूंनी दार उघडलं. सर खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, डोळे मात्र जागे. महेजबीनला बघून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हसली.

"त्यांना सगळं कळतं की काही काही कळतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही," काकू म्हणाल्या. "बोलणं मात्र एकच. काहीही विचारा."

महेजबीन त्यांच्यासमोर बसली. "सर, तुमची व्याख्यानं सरफराजनं पुसली का?"

"बरं," सर म्हणाले.

"वरदनं पुसली?"

"बरं."

"मी पुसली?"

"बरं." आणि तेवढ्यात त्यांचा डावा हात उचलला गेला, थरथरला, खाली पडला. काहीतरी सांगायचं होतं त्या माणसाला. महेजबीननं कागद-पेन पुढं केलं, पण डाव्या हातानं नुसती एक वाकडी रेघ आली. तिला त्यांच्याकडं बघवेना. म्हणजे दवाखान्यातला तो होकार फुकाचा होता, एवढं कळलं. पण ज्याला खरं ठाऊक आहे तो समोर बसलाय, आणि आपण त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, हेही कळलं.

काकूंनी चहा आणला. सरांना शिकवायची एवढी ओढ पहिल्यापासूनच होती का, असं महेजबीननं सहज विचारलं.

"छे हो. गुलमंडीला सासऱ्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. लहानपणापासून हे तिथंच बसायचे. सासरे गेले, दुकान वाढवलं, मग हे शिकवायला लागले. बोलण्याच्या सवयी मात्र दुकानातल्याच राहिल्या. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला तरी म्हणायचे, चला, आजचा गल्ला उचला."

महेजबीन हसली, चहा पिऊन उठली. उत्तर तिच्या कानावरून गेलं होतं, पण तिला त्याचा पत्ता लागला नव्हता.

५

संध्याकाळी ती सिटी चौकात भावाच्या दुकानात टेकली. अफजलचं बांगड्यांचं दुकान, त्यांच्या अब्बांपासूनचं. अफजल पेट्या आत घेत होता. एवढ्यात कॉलेजच्या दोन पोरी आल्या, बाहेरगावच्या असाव्यात.

"दुकान बढा दिए, बेटा," अफजल म्हणाला. "कल आओ."

त्यातली एक खूश झाली. "वाढवलंय का दुकान? मग नवीन माल दाखवा ना."

अफजलला हसू आवरेना. "अगे, बढा दिए मतलब बंद करे. दुकान को बंद नक्को बोलते, बरकत जाती. आमच्याकडं बांगडीपण फुटत नाय, वाढवते."

पोरी हसत निघून गेल्या. अफजल वळून बघतो तर त्याची आपा ठोकळ्यासारखी बसलेली.

"क्या हुआ, आपा?"

"कुछ नै," महेजबीन म्हणाली. आपण मणियाराची लेक, हा शब्द ऐकत वाढलो, आणि विद्यापीठाच्या चौकशीत कानावर आल्यावर आपल्याला तो ओळखू आला नाही.

६

नाईकवाड्यांच्या खोलीत तिनं संस्कृती आणि वरद दोघांनाही बोलावलं होतं.

"सरफराज खोटं बोललेला नाही," तिनं सुरुवात केली. "सर त्याला म्हणाले, वर्ग वाढवलाय. त्यानं ऐकलं तसं सांगितलं, अर्थ मात्र त्यालाही कळला नाही. त्याचे वडील एसटीत आहेत, दुकानदारी त्याच्या घरात कधी नव्हती. सर दुकानात वाढले. त्यांच्या घरात बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. काकू परवा माझ्यासमोर तसंच बोलल्या. सरांनी वर्ग बंद केला, आणि तसं सांगून ते गेले."

"हा शब्दांचा खेळ झाला," नाईकवाडे म्हणाले.

"मग पुढचं ऐका. त्याच दमात ते सरफराजला म्हणाले, आता तुम्हीही घरी जा. मुदत वाढली तर त्याचं काम वाढतं. काम वाढलं म्हणून माणसाला आराम करा म्हणतात का? दुसरं असं, पोरांचे गुण आणि प्रश्नोत्तरं जपून फक्त व्हिडिओ काढलेत. ज्याला वर्गाचा राग असेल तो एवढी निगुती कशाला करील? जाणारं एकच होतं, सरांचा स्वतःचा आवाज. तो राहिला तर निवृत्तीनंतर त्यांच्या जागी माणूस नको, असं इथंच ठरलं होतं. त्यांनी हरकत घेतली, कुणी ऐकली नाही. आणि त्याच दिवशी त्यांनी वरदला सांगितलं की पुढच्या वर्षी विहिरींचा भाग तुम्हीच शिकवायचा. व्हिडिओ असते तर हे वाक्य त्यांच्या तोंडून आलंच नसतं. आपल्या आवाजामुळं आपल्या विद्यार्थ्याची भाकरी जाते, हे त्या माणसाला सोसलं नाही."

संस्कृती मॅडमचा चेहरा पडला होता. त्यांनी तो होकाराचा कागद हळूच फाइलखाली सारला.

"वरद," महेजबीन म्हणाली, "सर तुम्हाला तसं म्हणाले होते ना?"

वरदनं नाईकवाड्यांकडं बघितलं. नाईकवाडे पेनाचं टोपण लावत म्हणाले, "म्हणजे गोर्डे सर, तुम्हाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं?"

"मला काय आठवत नाय, मॅडम," तो म्हणाला. तो खाली बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. महेजबीनला त्याला दोष देववेना. तो घरात एकटा कमावणारा होता.

दोघं गेल्यावर नाईकवाडे खुर्चीत मागं रेलले. आवाज एकदम घरगुती झाला.

"तुमचं म्हणणं मला पटलं, मॅडम. खरंच पटलं. आता पुढचा विचार करा. व्याख्यानं विद्यापीठाच्या मालकीची. धारूरकरांनी पुसली, तर कारवाई धारूरकरांवर. त्यांचे उपचार आज विद्यापीठ करतंय, ते थांबणार. त्यांना विचारायला जाऊ आपण, ते म्हणतील, बरं. लिहा तसं. मी सही करतो."

महेजबीननं अहवालाचा कागद पुढं ओढला. सरफराजला वाचवायचं तर ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही अशा माणसाला पुढं लोटायचं. नाही लोटलं तर सरफराज जेलच्या दारात. कायद्याची एवढी पुस्तकं वाचली, पण या खोलीत त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

शेवटी तिनं लिहिलं की सरफराज इनामदार यांच्याविरुद्ध कोणताही पुरावा नाही, होकाराचा कागद ग्राह्य धरता येत नाही, आणि कृत्य कुणाचं हे सिद्ध होत नाही.

नाईकवाड्यांनी वाचलं, मान डोलावली. "पोलिसांचं मी थांबवतो. आणि हो, भूजलाचा वर्ग पुढच्या वर्षीपासून नाही. व्हिडिओ नाहीत, सर नाहीत, मग ठेवून काय करायचं?"

"म्हणजे वरदचे तास?"

"वर्गच नाही म्हटल्यावर तास कुठून येणार, मॅडम?"

७

ती सरफराजच्या घरी स्वतः गेली. अब्बांनी खुर्ची दिली आणि आतल्या दाराशी उभे राहिले. तिनं सगळं सांगितलं, सरांचं नावही सांगितलं. त्याच्यापासून लपवणं तिला जमलं नसतं.

"म्हणजे सर मला सांगून गेले," सरफराज म्हणाला. "मलाच कळलं नाय."

"पोलिसांत काही जाणार नाही आता."

"मग सोमवारपासून कामावर येऊ?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तिचं आधीच सगळीकडं विचारून झालं होतं. विद्यापीठ म्हणालं, तो आमचा माणूस नाही, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणाली, विद्यापीठाचं पत्र आलं म्हणून काढला, ते परत मागवतील तर बघू. विद्यापीठ म्हणालं, आम्ही कुणाला मागवत नसतो.

"नाही," ती म्हणाली.

"अन् लोकांनी विचारलं, तू नाय तर कुणी पुसलं, तर काय सांगू?"

तिनं मांडीवरची पर्स उगाच उघडली आणि बंद केली.

"सरांचं नाव कुठं घेऊ नका, मॅडम, असं म्हणायला पाहिजे मी," सरफराज म्हणाला. "पण नाय निघत तोंडातून. नाव नाय दिलं तर माझंच राहतं ना."

अब्बा दारातून म्हणाले, "मॅडम, गुनाह नाय ना केला यानं?"

"नाही केला."

"मग काढलं कशाला?" म्हातारा तक्रार करत नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं, आणि समोर शिकलेली बाई बसली होती म्हणून तो विचारत होता. महेजबीन त्याची माफी मागून उठली.

पुढच्या आठवड्यात तिचा स्वतःचा रेकॉर्डिंगचा दिवस आला. सरफराजच्या खुर्चीत आता एक नवी मुलगी होती, चुणचुणीत, एजन्सीनंच पाठवलेली. समोर रिकामे बाक आणि कॅमेरा. पाठ होता नैसर्गिक न्यायाचा. महेजबीननं हा पाठ इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

"कुणालाही त्याची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा करता येत नाही," ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. "आणि बाजू ऐकून तो निर्दोष ठरला, तर त्याचं जे गेलं ते त्याला परत मिळालं पाहिजे. कारण…"

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. ते तोंडातून येईना. वर्गात असती तर कुण्या पोरानं विचारलं असतं, मॅडम, काय झालं. इथं विचारणारं कुणी नव्हतं. ती पाणी प्यायली, तिनं पदर सारखा केला, आणि राहिलेला पाठ शेवटपर्यंत नीट म्हटला.

"छान झालं, मॅडम," नवी मुलगी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाली. "मधे एका ठिकाणी तुम्ही थांबला होता, तेवढं कापून टाकते. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"टाका," महेजबीन म्हणाली.